अनुभव आला, पण प्रचीती?

दासबोधाचे २० दशक, २०० समास वाचताना एक शब्द पुन्हा पुन्हा भेटतो: प्रचीती. समर्थ तीन प्रचीती सांगतात. शास्त्रप्रचीती, गुरुप्रचीती आणि आत्मप्रचीती. ग्रंथ जे सांगतो, गुरू जे सांगतात आणि आपल्याला स्वतःला जे उमगतं, ते तिन्ही जुळलं की ज्ञान पक्कं.

मला वाटायचं, ऑफिसात वर्षं गेली की तिसरी आपोआप येते. तसं नसतं.

मागच्या वर्षी एका रात्री मी प्रॉडक्शनमधल्या मोठ्या टेबलवर साधा इंडेक्स टाकला. पोस्टग्रेसमध्ये असा इंडेक्स तयार होईपर्यंत त्या टेबलमध्ये काही लिहिता येत नाही. कमांडमध्ये ‘कॉन्करंटली’ घातलं की हे टळतं. डॉक्युमेंटेशनमध्ये हे होतं, म्हणजे शास्त्र. सिनिअरनेही बजावलं होतं, म्हणजे गुरू. तरी व्हायचं ते झालं. ऑर्डर्स अडकल्या, मी कमांड रद्द केली, गाडी रुळावर आली. हुश्श करून झोपलो. कुठे लिहिलं नाही, कोणाला सांगितलं नाही.

सहा महिन्यांनी टीममधल्या नव्या मुलाने भर दुपारी तेच केलं. आणि त्याचा कोड तपासून मंजूर कोणी केला होता? मीच!

मीटिंगमध्ये तो मान खाली घालून बसलेला. म्हणाला, “दादा, मला खरंच माहीत नव्हतं.” मला मात्र माहीत होतं. घशाशी आलेलं मी सगळ्यांसमोर बोलून टाकलं: “हे माझ्याकडून आधी झालंय. मी लपवलं, म्हणून आज त्याच्यावर आलं.”

त्या रात्री कळलं, अनुभव मला आला होता. मनन राहिलं होतं. मननाशिवाय अनुभव म्हणजे नुसती घडून गेलेली गोष्ट. त्याची प्रचीती होत नाही.

आता रोज वाचनानंतर पाच मिनिटं वहीत लिहितो. आज काय घडलं? तेव्हा मी काय गृहीत धरलं होतं? पुढच्या वेळी काय वेगळं करीन? आणि सगळ्यात अवघड प्रश्न: हे कोणाला सांगायला हवं?

आज तुम्हीही एक चूक आठवा, जी निस्तरली पण तपासली नाही. चार ओळी लिहा. आणि एकाला तरी सांगा.

जय जय रघुवीर समर्थ!