बालकाची सर्जनशील आवड : शोध आणि जोपासना

जानेवारी १९५५ मध्ये मद्रासजवळील आवडी येथे काँग्रेसचे साठावे अधिवेशन उच्छंगराय ढेबर यांच्या अध्यक्षतेखाली भरले आणि तेथे समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव संमत झाला. आर्थिक नियोजनाच्या इतिहासात आवडीचे नाव नोंदले गेले ते या ठरावामुळे. पुढे १९६१ मध्ये येथे अवजड वाहन कारखाना उभा राहिला आणि १९६५ मध्ये त्यातून ‘विजयंता’ रणगाडा बाहेर पडला. रणगाड्यांची इंजिने, लष्करी गणवेश आणि लढाऊ वाहनांचे संशोधन यांसाठीच्या संस्थाही येथेच वसल्या. कारखान्याबरोबर वसाहत आली, वसाहतीबरोबर शाळा आल्या आणि देशाच्या सर्व भागांतून बदलीवर आलेली कुटुंबेही आली. आवडी १९५५ च्या ठरावाला अभिप्रेत असलेल्या सार्वजनिक क्षेत्राचे एक छोटे प्रतिरूपच बनले. अधिवेशनाच्या दुसऱ्याच वर्षी, १९५६ मध्ये, पंडित नेहरूंच्या प्रेरणेने दिल्लीत बालभवन स्थापन झाले. पोलादाचा आणि रणगाड्याचा विचार करणाऱ्या पिढीला मुलांच्या चित्रांचा व खेळांचाही विचार करावासा वाटला, ही गोष्ट सहसा विसरली जाते.

मराठी वाचकाला या गावाच्या नावाची थोडी गंमत वाटेल. तमिळ गावाचे हे नाव मराठीत नेमके अनेकवचनी ‘आवड’ होते. येथे विचार करावयाचा आहे तो याच अर्थाने : अशा औद्योगिक वसाहतीत वाढणाऱ्या तीन ते आठ वर्षांच्या मुलाची सर्जनशील आवड ओळखावी कशी आणि ती टिकवावी कशी?

आवड दिसण्यातून लागते

आवड ही जन्मजात देणगी आहे व ती यथाकाल आपोआप प्रकट होते, असा समज सार्वत्रिक आहे. अर्थशास्त्रीय अभ्यास त्यास फारसा दुजोरा देत नाहीत. राज चेट्टी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील संशोधकांविषयी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसून आले, की ज्या परिसरात संशोधक अधिक त्या परिसरात वाढलेली मुले मोठेपणी संशोधक होण्याचा संभव अधिक. शिवाय आसपास ज्या तंत्रक्षेत्रातील माणसे होती, त्याच क्षेत्राकडे ती वळण्याचा कलही अधिक. गणितात तितकीच हुशार असूनही गरीब घरातील मुले मात्र मागे राहिली. बुद्धीइतकेच, किंबहुना काही वेळा त्याहूनही अधिक महत्त्व ‘काय पाहावयास मिळाले’ यास आहे. मूल जे कधी पाहतच नाही, त्याची आवड त्यास लागणार कशी?

या दृष्टीने आवडीच्या परिसराकडे पाहिले तर सर्वांत मोठी संपत्ती कारखान्याच्या भिंतीबाहेर, घराघरांच्या उंबरठ्यापुढे आढळते. पहाटे अंगण झाडून, पाणी शिंपडून तांदळाच्या पिठाने काढलेले कोलम ही ती संपत्ती. आधी ठिपके, मग त्या ठिपक्यांना वळसा घालीत जाणारी, बहुधा न तुटणारी रेघ. मराठी घरात ठिपक्यांची रांगोळी असतेच. परंतु तमिळ घरात ती दररोजची आहे आणि म्हणून मूल ती दररोज पाहते. या कोलमाकडे मद्रास ख्रिश्चन कॉलेजमधील गिफ्ट सिरोमनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात गणिताच्या नजरेने पाहिले. गृहिणी ज्या नियमांनी आकृती वाढवीत नेते, ते संगणकशास्त्रातील ‘चित्र-व्याकरणा’च्या भाषेत मांडता येतात, असे त्यांनी दाखवून दिले. घरातील बाईची सकाळची पंधरा मिनिटे संगणकशास्त्राच्या निबंधाचा विषय झाली. पाच वर्षांच्या मुलास यातील गणित कळावयाचे कारण नाही. पिठाची चिमूट त्याच्या बोटांत देऊन चार ठिपके त्यास टाकू द्यावेत आणि रेघ वाकडी गेली तर ती तशीच राहू द्यावी, एवढे पुरे. खर्च मूठभर पिठाचा, आणि तेही शेवटी मुंग्या खातात.

आवडीहून मध्यवर्ती चेन्नईकडे येताना अंबत्तूरच्या पुढे पाडी हा भाग लागतो. बुद्धिबळपटू वैशाली व प्रज्ञानंद ही भावंडे येथील. दूरदर्शनसंचापुढे मुलीचा जाणारा वेळ कमी व्हावा म्हणून आईवडिलांनी वैशालीला बुद्धिबळ व चित्रकला या दोहोंच्या वर्गांना घातले होते, असे त्यांनी वेळोवेळी सांगितले आहे. बहिणीचा पट पाहून धाकट्याला त्याची गोडी लागली. तो २०१८ मध्ये, वयाची तेरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच ग्रँडमास्टर झाला. वैशाली २०२३ मध्ये या किताबास पात्र ठरली. आईवडिलांनी विजेता घडविण्याची योजना आखलेली नव्हती. दोन गोष्टी समोर ठेवल्या, त्यांतील एक रुजली, आणि ती दुसऱ्याच मुलातही रुजली. अर्थात अशा उदाहरणांपासून सावध राहणेही आवश्यक आहे. त्याच वर्गांत बसलेल्या शेकडो मुलांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. मात्र त्यांनाही पटाचा आनंद मिळाला असेल तर तो खर्च वाया गेला असे म्हणता येणार नाही.

अड्यार ते कोसबाड

बालकाच्या आवडीकडे शास्त्रीय दृष्टीने पाहण्याचा एक महत्त्वाचा प्रयोग याच महानगरात झाला. थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून मारिया माँटेसरी १९३९ च्या अखेरीस मद्रासला आल्या. अड्यार येथील त्यांच्या पहिल्या प्रशिक्षणवर्गास देशभरातून तीनशेच्या आसपास शिक्षक जमले. महायुद्धात इटली उतरताच त्या शत्रुराष्ट्राच्या नागरिक ठरल्या आणि त्यांचा मुक्काम लांबत जाऊन १९४६ पर्यंत त्या भारतातच राहिल्या. मुलाच्या हाताच्या उंचीवर साहित्य ठेवावे, निवड त्याची त्यास करू द्यावी, ते एकाग्र असताना मध्ये बोलू नये आणि मोठ्यांनी शिकविण्यापेक्षा निरीक्षण अधिक करावे, हे त्यांच्या पद्धतीचे सार होते.

महाराष्ट्राने मात्र या पद्धतीला एक अडचणीचा प्रश्न विचारला : साहित्याची किंमत किती? गिजुभाई बधेका यांच्यासह ताराबाई मोडक यांनी १९२६ पासून नूतन बाल शिक्षण संघाद्वारे माँटेसरी विचाराचा प्रसार केला. पण विकतच्या साधनांनी ग्रामीण बालवाडी चालणार नाही, हे त्यांनी ओळखले. बोर्डी येथे १९४५ मध्ये आणि १९५७ पासून कोसबाडला अनुताई वाघ यांच्या साथीने त्यांनी खडे, शिंपले, बिया, पाने व माती यांनाच शैक्षणिक साधने बनविले. बालवाडीत मुले येत नाहीत तर बालवाडीनेच पाड्यावर जावे, हा त्यांचा दुसरा निर्णय. ‘अंगणवाडी’ या कल्पनेचे मूळ त्यात आहे. प्रति बालक खर्च कमी करून गुणवत्ता टिकविण्याचे हे उदाहरण विकासाच्या अभ्यासकांनी आणखी बारकाईने पाहावयास हवे होते.

बक्षिसाचा उलटा परिणाम

आवड सापडल्यानंतर ती मारण्याचे काम पुष्कळदा प्रेमानेच होते. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन व रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालशाळेतील एक प्रयोग प्रसिद्ध केला. स्केचपेनने चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेली मुले त्यांनी निवडली. काहींना ‘चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल’ असे आधी सांगितले, काहींना ते अनपेक्षितपणे दिले, तर काहींना काहीच दिले नाही. एकदोन आठवड्यांनी मोकळ्या वेळेत पाहिले असता, बक्षीस ठरवून दिलेली मुले इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांत रमत होती. जे खेळ होते ते मोबदल्याचे काम बनले. प्रोत्साहनाने उत्पादन वाढते हा अर्थशास्त्राचा पहिला पाठ. तो चार वर्षांच्या मुलाला जसाच्या तसा लागू करता येत नाही.

दुरुस्तीचेही तसेच आहे. साधारण तीन-चार वर्षांचे मूल वाटोळे डोके काढते आणि त्यालाच पाय जोडते. धड नाही म्हणून पालक अस्वस्थ होतात व हात धरून ‘बरोबर’ माणूस काढून दाखवितात. वास्तविक ही जगभरच्या मुलांच्या चित्रांत आढळणारी एक पायरी आहे. ती ओलांडण्यास मुलाला वेळ लागतो, शिकवणी लागत नाही. ‘छान’ म्हणून मोकळे होण्याऐवजी ‘हा कोठे निघाला आहे?’ असे विचारले तर मूल चित्राची गोष्ट सांगू लागते आणि बहुधा दुसरा कागद मागते.

धोरणाचा क्रम

शासकीय प्रयत्न या कसोटीवर तपासले असता एक विसंगती जाणवते. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. पण ती सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी आणि पटसंख्या शंभरावर असल्यासच. केंद्राचा ‘कला उत्सव’ २०१५ पासून माध्यमिक स्तरासाठी सुरू झाला. तामिळनाडू शासनाने २०२२ मध्ये शासकीय शाळांत ‘कलै तिरुविळा’ हा मोठा कला महोत्सव सुरू केला, तोही स्पर्धेच्या स्वरूपात. हे उपक्रम स्वागतार्हच आहेत. परंतु साधने व माणसे वरच्या वर्गांकडे जातात, आणि आवड जेथे उगवते त्या वयासाठी प्रामुख्याने दस्तऐवज उरतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यासक्रम व अभ्यासेतर यांतील भिंत काढावयास सांगितली. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या आराखड्याने तीन ते आठ वर्षांच्या वयोगटास खेळ व कला यांची जोड दिली. अंगणवाडीत रंग, माती आणि कोरे कागद नियमितपणे पोहोचतात काय, यावर त्याचे फलित अवलंबून राहील. ही रक्कम मोठी नाही. अंदाजपत्रकात तिला स्वतंत्र शीर्ष मिळत नाही, एवढीच तिची अडचण.

बदलीवरच्या कुटुंबांचा प्रश्न याहून निराळा आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळाच्या एक्केचाळीस कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या व चिलखती वाहनांच्या कंपनीचे मुख्यालय आवडीत आले. खडकी किंवा अंबरनाथहून येथे आलेल्या मराठी कुटुंबाची कल्पना करावी. शाळेचा अभ्यासक्रम केंद्रीय विद्यालयामुळे तोच राहतो. पण तबल्याचे गुरुजी मागे राहतात आणि शेजारची मुले वेगळी भाषा बोलतात. अशा वेळी वर्गाच्या फीपेक्षा सातत्य महाग पडते. जी आवड शिक्षकावर कमी व हाताच्या सवयीवर अधिक अवलंबून आहे, ती बदलीत तगते. नव्या गावी भाषा येण्यापूर्वी मुलास मित्र मिळवून देते तीही बहुधा हीच : उंबरठ्यापुढे ठिपके टाकणाऱ्या शेजारणीजवळ उकिडवे बसण्यास तमिळ यावे लागत नाही. सामान बांधताना चित्रांची जुनी वही रद्दीत जाणार नाही, आणि प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तारीख व गावाचे नाव घातलेले असेल, एवढे मात्र पालकांनी पाहावयास हवे.