विष पचवणारे जिवाणू

चुलीवरचा कुकर तापतो, पण त्याची काळी मूठ हाताला चटका देत नाही. ही मूठ एका कृत्रिम राळेची असते. लिओ बेकलँड या शास्त्रज्ञाने १९०७ साली अमेरिकेत अशी राळ बनवली. त्याच्या नावावरून तिला बेकेलाइट म्हणतात. फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड या दोन रसायनांपासून ती तयार होते. एकदा घट्ट झालेली ही राळ पुन्हा वितळत नाही. परंतु ती बनवताना जे सांडपाणी निघते, त्यात ही दोन्ही विषारी रसायने उरलेली असतात.

हे पाणी नदीत सोडले तर काय होईल? छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, येथील खाम नदी पाहा. ती पाणचक्कीजवळून वाहत जाऊन पैठणच्या नाथसागराला मिळते. त्याच नाथसागराचे पाणी नळाने पुन्हा शहरात येते. नदीत टाकलेली घाण अशी फिरून आपल्याच घागरीत येऊ शकते! फिनॉल अगदी थोडे असले, तरी क्लोरीन टाकल्यावर पाण्याला घाणेरडी चव येते. म्हणून नदीत सोडायच्या सांडपाण्यात, एका लिटरमागे एक मिलिग्रॅमपेक्षा जास्त फिनॉल असू नये, असा नियम आहे.

आता गंमत ऐका. फिनॉल हे जंतुनाशक आहे. १८६५ साली जोसेफ लिस्टर या डॉक्टरांनी गाडीखाली पाय मोडलेल्या अकरा वर्षांच्या मुलाची जखम फिनॉलनेच जंतुरहित ठेवली होती. फॉर्माल्डिहाइडचेही तसेच. प्रयोगशाळेतील बरणीतला बेडूक त्याच्याच पाण्यात न सडता राहतो. जंतूंना मारणारी हीच रसायने काही जिवाणू मात्र चक्क खातात!

मातीत राहणारा 'स्यूडोमोनास प्युटिडा' हा असाच एक जिवाणू. फिनॉलच्या रेणूत सहा कार्बन अणूंचे कडे असते. जिवाणू आपल्या विकरांच्या मदतीने आधी त्याला ऑक्सिजन जोडतो, मग कडे फोडतो. त्याचे तुकडे हेच त्याचे अन्न. शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी उरते. घट्ट झालेली राळ मात्र त्याला पचत नाही.

सांडपाणी शुद्ध करण्याच्या केंद्रात या जिवाणूंना मोठ्या हौदात वाढवतात. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतही कारखान्यांसाठी असे सामाईक केंद्र आहे. हौदात सतत हवा सोडावी लागते, कारण ऑक्सिजनशिवाय हे काम चालत नाही. पाण्यात नत्र कमी असेल तर युरियाही घालतात. शेताला खत घालावे तसेच हे.

फिनॉलची सवय जिवाणूंना हळूहळू लावावी लागते. आज थोडे, उद्या थोडे जास्त. एखाद्या कारखान्याने रात्री एकदम तीव्र पाणी सोडले, तर हेच जिवाणू मरून जातात. मग हौदातले विष तसेच पुढे नदीकडे जाते. नवे जिवाणू तयार व्हायला कित्येक दिवस, कधी आठवडेही लागतात. नदी तोपर्यंत वाहतच असते.