तापलेली मोटार

माणसाला ताप येतो, तसा मोटारीलाही येतो. माणूस कण्हतो, बोलून दाखवतो. मोटारीला बोलता येत नाही. तिचा काटा वर चढतो, करपट वास येतो, आणि मग पुढच्या बाजूने वाफ निघू लागते.

आपल्याकडे काही घरांत अजून जुनी मोटार आहे. कुणाकडे ॲम्बॅसडर, तर कुणाकडे प्रीमियर पद्मिनी. पद्मिनीला लोक अजून फियाटच म्हणतात. कुर्ल्याच्या कारखान्यात हा नमुना १९६४ साली निघू लागला. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतून ही गाडी २०२३ च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली. घरच्या गाड्या मात्र धावताहेत, आणि चैत्र-वैशाखात घाट चढताना तापताहेत. या तापाची बरीचशी दवा आपल्याला घरीच करता येते. ती कशी, ते पाहू.

इंजिनात पेट्रोल जळते. त्यातून निघणारी थोडीच उष्णता चाके फिरवण्याच्या कामी येते. उरलेली बाहेर गेली पाहिजे. ती काढून नेण्याचे काम पाणी करते. इंजिनाच्या भिंती आतून पोकळ असतात. त्या पोकळीतून पाणी फिरते, गरम होते, आणि वरच्या जाड रबरी नळीने पुढच्या जाळीत येते. या जाळीला रेडिएटर म्हणतात. तिथे वारा लागून पाणी निवते आणि खालच्या नळीने पुन्हा इंजिनात जाते. पाणी ढकलायला पंप, वारा ओढायला पंखा. दोघांना फिरवणारा पट्टा एकच.

रेडिएटरला वर एक झाकण असते. गाडी तापली की माणसाचा हात आधी या झाकणाकडे जातो. पाणी घालावे, म्हणून तो ते उघडतो. असे कधीही करू नये. का, ते समजून घ्या.

घरातला प्रेशर कुकर आठवा. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांच्या आसपास उकळते. कुकरमध्ये वाफ कोंडते, दाब वाढतो, म्हणून पाणी १०० च्या वर तापते तरी उकळत नाही. रेडिएटरचे झाकणही असाच दाब धरून ठेवते. ते उघडले की दाब एकदम सुटतो. आतल्या पाण्याची त्याच क्षणी वाफ होऊ लागते आणि कढत पाणी भसकन वर उडते. उघडणाऱ्याचे तोंड नेमके त्यावर वाकलेले असते! आमच्या माहितीतल्या एका ड्रायव्हरचा गाल आणि मनगट असेच भाजले. माणूस नवखा नव्हता. वऱ्हाड खोळंबले होते, म्हणून घाई केली, एवढेच.

मग करावे काय? काटा लाल खुणेकडे सरकला की गाडी कडेला घ्या. इंजिन बंद करा. चढावर असाल तर चाकाखाली दगड लावा. वाफ थांबली की बॉनेट उघडा आणि खुशाल बसा. अर्धा-पाऊण तास तरी बसायचे. जवळ हॉटेल असेल तर चहा घ्यावा. या वेळी तीच उत्तम दुरुस्ती. नंतर वरच्या रबरी नळीला हळूच बोट लावून पाहा. चटका बसला, तर अजून थांबा. नळी दाबून कडक लागली, तर आत दाब आहे, तरीही थांबा. ती निवली आणि मऊ झाली, की झाकणावर गोणपाटाची जाड घडी ठेवा, तोंड बाजूला करा आणि झाकण थोडेसेच फिरवा. फुस्स आवाज पुरता थांबू द्या. मगच ते काढा. पाणी थोडे थोडे घाला. गरम इंजिनात गार पाणी भडाभडा ओतले, तर काचेच्या पेल्यासारखे तेही तडकू शकते.

पाणी भरले म्हणजे दुखणे गेले असे नाही. पाणी कमी का झाले? नळ्यांच्या टोकांना ओल आहे का? पकड ढिली असेल तर पेचकसाने आवळा. रबर चिरले असेल तर नळी बदला. चिंधी बांधून दोन-चार मैल निघतील, जास्त नाही. जाळीत चिखल आणि किडे अडकले असतील तर मऊ ब्रशाने काढा.

तापाचा काटा वर आणि डायनामोचा लाल दिवाही पेटलेला, असे दोन्ही एकदम दिसले तर आधी पट्टा पाहा. डायनामोही त्याच पट्ट्यावर फिरतो. तेव्हा पट्टा तुटला किंवा सैल झाला असणार. इंजिन बंद करून, किल्ली खिशात घालून, पट्टा मध्यभागी अंगठ्याने दाबावा. एक सेंटिमीटरच्या आसपास दबला तर ठीक. फार ताणला तर पंपाचे बेअरिंग जाते. इंजिन चालू असताना तिथे हात, उपरणे की पदर, काहीही नेऊ नये.

एक दुखणे मात्र घरचे नव्हे. फियाटच्या इंजिनाचे खालचे अंग बिडाचे आणि वरचे डोके ॲल्युमिनियमचे. फार तापले की हे डोके वाकते आणि मधले गॅस्केट जाते. तेलाची पट्टी ओढून पाहा. तेल दुधाळ, चहासारखे दिसले, तर पाणी तेलात मिसळले आहे. अशी गाडी चालवू नये. ती ओढून मिस्त्रीकडे न्यावी. पुढे रेटली, तर शंभराच्या कामाचे हजार होतात.

आता पाण्याविषयी. विहिरीच्या जड पाण्याने बंबात पांढरा थर धरतो. तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरतो आणि त्या बुजतात. म्हणून अडीअडचणीला कुठलेही पाणी चालेल, पण रोजच्यासाठी कूलंट बरे. त्याने गंजही धरत नाही. डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात ते शुद्ध पाण्यात मिसळावे. बॅटरीचे पाणी चालते. पण ध्यानात ठेवा, कूलंट गोड लागते आणि ते विष आहे. पोर किंवा कुत्रे चाटू शकते. डबा कुलपात ठेवा, सरबताच्या बाटलीत ओतून ठेवू नका, आणि अंगणात सांडले तर लगेच भरपूर पाण्याने धुऊन टाका.