कणव आणि हक्क : कुमारांच्या वाचनातील न्यायजाणीव

कुमारवयीन विद्यार्थ्यांना शांतता आणि न्याय या मूल्यांचा परिचय साहित्यातून करून द्यावयाचा झाल्यास मराठीच्या अध्यापकाचा हात प्रथम कोणत्या पुस्तकाकडे जातो, हे ठरविण्यासाठी पाहणी करण्याचे कारण नाही. ते पुस्तक 'श्यामची आई' हेच होय. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ते लिहावयास घेतले. आचार्य अत्र्यांनी १९५३ मध्ये त्याचा चित्रपट केला आणि पुढील वर्षी राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाचा पहिला मान त्याला लाभला. एकच कृती ग्रंथ आणि चित्रपट अशा दोन्ही रूपांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांपर्यंत पोहोचावी, हे भाग्य मराठीत फार थोड्या कृतींच्या वाट्याला आले आहे. या लोकप्रियतेमुळेच तिच्याकडे पुन्हा एकदा चिकित्सक दृष्टीने पाहणे अगत्याचे ठरते. न्यायाची जाणीव देण्यास ही कृती पुरेशी आहे काय, आणि नसल्यास तिच्या सोबतीला काय वाचावे व काय पाहावे, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखात घेतला आहे.

'श्यामची आई'मध्ये अस्पृश्यतेशी थेट भिडणारा एक प्रसंग आहे. महार जातीच्या एका म्हाताऱ्या बाईला लाकडांची मोळी डोक्यावर घेता येत नाही आणि तिला हात लावण्यास कोणी पुढे येत नाही. श्यामची आई त्याला मोळी उचलून देण्यास पाठविते. लोक नावे ठेवतील, ही श्यामची भीती ती बाजूस सारते. पुढे ती त्याला समजावते, की देवाने मासा, कासव, वराह अशी रूपे घेतली, तेव्हा कोणताही देह अपवित्र मानण्याचे कारण नाही. कोकणातील एका ब्राह्मण घरातील स्त्रीने, त्या काळात, पुराणातील दाखले घेऊन रूढीला दिलेले हे उत्तर लहान नव्हे. परंतु याच प्रसंगात आणखी एक गोष्ट आहे आणि वर्गात ती बहुधा घाईने वाचली जाते. मोळी दिल्यानंतर श्यामने आंघोळ करावयाची आहे, असेही आईच सांगते.

या आंघोळीचे काय करावे? काही अध्यापक ती गाळतात, काही 'त्या काळाची मर्यादा' एवढे म्हणून पुढे जातात. प्रस्तुत लेखकाच्या मते धड्याचा खरा प्रारंभ तेथेच होतो. आईची कणव खरी आहे आणि आंघोळही खरी आहे. कणवेने मोळी डोक्यावर चढली, पण मोळी उचलून देण्यास कोणी का नव्हते, या प्रश्नाला तिने स्पर्श केला नाही. शिवाय हा सारा प्रसंग श्यामच्या बाजूने सांगितला आहे. वाचणारे मूल आपोआप श्यामच्या जागी उभे राहते व परोपकाराचा आनंद अनुभवते. पण वर्गात त्या म्हातारीच्या घरातलेही मूल बसलेले असते. त्याने कोणाच्या जागी उभे राहावे?

ही उणीव दाखविताना साने गुरुजींवर अन्याय होता कामा नये. पुस्तकाच्या मर्यादेबाहेर ते स्वतःच गेले होते, याला इतिहासाची साक्ष आहे. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे, म्हणून त्यांनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि अखेर मे १९४७ मध्ये पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण केले. मंदिराचे दार उघडले. ज्या महाद्वारासमोर चोखोबांची समाधी शतकानुशतके बाहेरच राहिली होती, तेच हे दार. मोळी उचलून देणारा श्याम आणि दार उघडा म्हणून अन्न सोडणारे गुरुजी यांच्यामध्ये चौदा वर्षांचे अंतर आहे. या दोन घटना शेजारी ठेवून शिकविल्या, तर दया आणि न्याय यांतील फरक विद्यार्थ्याला व्याख्येशिवाय उमगतो. मात्र दोहोंमध्येही पुढाकार सवर्णाचाच आहे, ही गोष्ट उरतेच.

(चित्रपटाबाबत जाता जाता एक नोंद. प्रेमाने घडविणाऱ्या आईच्या या चित्रपटातील शाळेत घुमणारे सर्वांत लोकप्रिय गाणे छडीचे असावे, हा विरोधाभास आपल्या शिक्षणविचारावर बरेच भाष्य करून जातो. अत्र्यांमधील विनोदकाराला तो दिसला नसेल, असे वाटत नाही.)

दुसऱ्या बाजूचा आवाज मराठीत आणला तो दलित आत्मकथनांनी. कुमारवयीन वाचकाच्या दृष्टीने त्यांतील एक उतारा विशेष मोलाचा आहे. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'च्या (१९८४) आरंभी शाळेची सहल येते. गावातील वरच्या जातींची मुले एकीकडे डबे सोडून जेवतात, महारांची मुले वेगळी बसतात आणि उरलेसुरले अन्न त्यांच्या वाट्याला येते. त्यातले थोडे घरी का आणले नाहीस, म्हणून आई हळहळते. आणि दुसऱ्या दिवशी गुरुजी वर्गात निबंध लिहावयास सांगतात, विषय सहलीचा. मुलाला सुरुवात कशी करावी, हेच कळत नाही.

लेखनाच्या तासावरील एवढी भेदक टीका मराठीत क्वचितच झाली असेल. निबंधाचा विषय सर्वांना सारखा, वेळ सारखी, गुणही सारखे; अनुभव मात्र सारखा नाही. समतेच्या बाह्य आकारात विषमता कशी लपते, हे नागरिकशास्त्राच्या पुस्तकातील परिच्छेदांपेक्षा या दोन-तीन पानांतून अधिक स्पष्ट होते. येथे कोणी मोळी उचलून देणारा नाही, आणि निवेदक दया मागतही नाही. जे घडले ते तो फक्त सांगतो. वाचकाला श्यामच्या जागेवरून उठून दुसरीकडे बसावे लागते.

नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री' (२०१३) या चित्रपटाला याच परंपरेचे पुढचे पाऊल म्हणता येईल. 'फँड्री' म्हणजे कैकाडी बोलीत डुक्कर. ज्या वराहाचा दाखला देऊन श्यामच्या आईने सर्व देह पवित्र ठरविले, तेच जनावर पकडण्याचे काम कैकाडी कुटुंबातील जब्याच्या अंगावर येते आणि त्याच्या नावाची शिवी होते. पुराणातील पावित्र्य आणि गावातील विटाळ यांतील हे अंतर दोन्ही कृती लागोपाठ अभ्यासल्यास विशेष जाणवते. चित्रपटात मराठीचा एक तासही आहे. जब्याच्या वर्गात चोखोबांचा अभंग शिकविला जातो. बाहेरच्या रूपाला भुलू नये, असे सांगणारी ती रचना पाठ्यपुस्तकात सुखाने नांदते, आणि खिडकीबाहेरचे गाव आपल्या जागी जसेच्या तसे असते. साहित्याच्या अध्यापकाने हे दृश्य स्वतःसाठीही पाहावे.

पुढे शाळेजवळ डुक्कर धरताना जब्याचे सारे कुटुंब धावाधाव करते आणि वर्गातील मुले हसत पाहतात. डुक्कर आता सापडणार, तोच शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. बाप, आई, मुले, सारे जागच्या जागी ताठ उभे राहतात, डुक्कर निसटते. नंतर पकडलेले डुक्कर वासावर टांगून नेताना ते शाळेच्या भिंतीवरून पुढे जातात, तेव्हा तेथे आंबेडकर, सावित्रीबाई यांची चित्रे दिसतात. या ठिकाणी दिग्दर्शक एकही शब्द उच्चारीत नाही. राष्ट्रगीताच्या दृश्याकडे उपहास म्हणून पाहणे उथळपणाचे होईल. त्या कुटुंबाची निष्ठा खरी आहे. ज्या राष्ट्राला ते मान देतात, त्याने त्यांना कोणता मान दिला, असा प्रश्न ते निश्चल चित्र उभा करते.

शेवटी चिडविणाऱ्यावर जब्या दगड उचलतो आणि अखेरचा दगड थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो. शांततेच्या शिक्षणात असा चित्रपट कसा बसतो, असा आक्षेप यावर घेतला जातो व तो गंभीर आहे. मुलांना दगड दाखवावा काय? येथे आपल्या भाषेची एक खोड ध्यानात घ्यावी. तंटा नसणे आणि आवाज नसणे, या दोन्हींना मराठीत 'शांतता' हा एकच शब्द आहे. शाळेच्या भिंतीवर 'शांतता राखा' असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ गप्प बसा एवढाच असतो. तेंडुलकरांनी 'शांतता! कोर्ट चालू आहे' या शीर्षकातच हा शब्द न्यायासमोर उभा केला होता. दगड पडेपर्यंत जब्याच्या गावात शांतताच होती, ती या दुसऱ्या अर्थाची. दगडाचे समर्थन करण्याची गरज नाही. तो कोठून आला, हे वर्गाला चित्रपटातील दृश्ये मागे मागे जात शोधू द्यावे. तसे शोधणारी मुले हिंसेकडे वळतील, ही भीती निराधार वाटते. उलट, कारणे न कळता दगडाचा निषेध पाठ केलेले मूल पहिल्या चिथावणीलाच फसण्याचा संभव अधिक.

क्रमाविषयी थोडे. केवळ आत्मकथने व 'फँड्री' शिकवून 'श्यामची आई' बाजूला ठेवावी, असे काही अभ्यासक सुचवितात. ते मान्य होण्यासारखे नाही. लहान वयात कणवेची सवय लागली नाही, तर हक्काची भाषा कोरडी राहते. पाचवी-सहावीत श्याम आणि आठवीनंतर तोच प्रसंग आंघोळीसह पुन्हा, त्याच्या शेजारी पंढरपूरचे उपोषण व 'अक्करमाशी'तील सहल, आणि नववी-दहावीत 'फँड्री', असा क्रम सोयीचा ठरावा. सहलीचा उतारा वाचून झाल्यावर त्याच तासाला त्यावर निबंध लिहावयास मात्र सांगू नये. कोणाला बोलावेसे वाटल्यास बोलू द्यावे. कोणी बोलले नाही, तर तास रिकामा गेला असे समजून फळ्यावर प्रश्नोत्तरे लिहिण्याची घाई करू नये.