निवृत्त दांपत्याचा प्रवास, आहार आणि वैद्याचे कर्तव्य : आजऱ्यातील एक अनुभव

नोकरीतून निवृत्त झालेली, मुलाबाळांच्या जबाबदारीतून मोकळी झालेली पतिपत्नी आता पूर्वीपेक्षा अधिक प्रवास करतात. पूर्वीचा प्रवास तीर्थयात्रेचा असे. आताचा प्रवास विश्रांतीचा, निसर्ग पाहण्याचा आणि त्या त्या गावचे अन्न चाखण्याचा असतो. आजऱ्यासारख्या गावात व्यवसाय करणाऱ्या वैद्याकडे असे रुग्ण वारंवार येतात. त्यांची तक्रार बहुधा किरकोळ असते : पोट जड झाले, गुडघे दुखू लागले, झोप लागली नाही. परंतु तक्रार किरकोळ असली तरी रुग्ण किरकोळ नसतो, हे प्रस्तुत लेखकाला एका चुकीतून शिकावे लागले. ती चूक वैद्यबंधुभगिनींसमोर आणि औषधी दुकानदारांसमोर ठेवणे हाच या लेखाचा हेतू आहे.

देशविचार

आजरा हे कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण भागातील तालुक्याचे गाव हिरण्यकेशी नदीच्या काठी वसले आहे. संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा, आंबोली, सावंतवाडी असा घाटमाथ्यावरून कोकणात उतरणारा रस्ता येथून जातो. हिरण्यकेशीचा उगम आंबोलीजवळ असून पुढे ती घटप्रभेस मिळते. तालुक्याच्या पश्चिमेकडील भागात पाऊस अतिशय असतो, पूर्वेकडे तो झपाट्याने कमी होतो. सुमारे ६९० मीटर उंचीवरील आंबोली तर महाराष्ट्रातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक आहे. म्हणजे आजऱ्याहून आंबोलीकडे निघालेला प्रवासी तासाभरात साधारण देशातून आनूप देशात जातो. सकाळी ऊन, दुपारी ढग, सायंकाळी धुके आणि ओलावा असा बदल तो एकाच दिवसात अनुभवतो.

पाहण्यासारखी स्थळे थोडी आहेत, पण सावकाश पाहण्याजोगी आहेत. गावातील रवळनाथाचे मंदिर, हिरण्यकेशीच्या पात्रातील खडकांवरून पाणी कोसळते ते रामतीर्थ, आंबोलीच्या वाटेवरील नांगरतास धबधबा, पुढे आंबोलीचे हिरण्यकेशी मंदिर व नदीचा उगम. ‘मृत्युंजय’कार शिवाजी सावंत यांचा जन्म १९४० साली याच गावी झाला, हेही वाचनाची आवड असलेल्या ज्येष्ठ प्रवाशांना आवर्जून सांगावे असे असते.

आहारद्रव्यविचार

येथील आहारात प्रथम स्थान आजरा घनसाळ तांदळाचे. आखूड, सुवासिक, शिजल्यावर मऊ होणाऱ्या या तांदळास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. नाचणीची भाकरी, हुलग्याचे पिठले, आमसुलाची सोलकढी आणि जवळच्या कोल्हापूरचा प्रभाव म्हणून तांबडा व पांढरा रस्सा ही इतर पक्वान्ने. उन्हाळ्याच्या आरंभी ओल्या काजूगरांची उसळ होते. आजरा परिसरात काजूप्रक्रियेचा व्यवसाय मोठा आहे. काजू व भल्लातक ही दोन्ही एकाच कुलातील द्रव्ये होत. ज्यांना पूर्वी भल्लातकाने त्वचेवर फोड आले आहेत, त्यांनी ओले काजू स्वतः सोलू नयेत, एवढे सांगणे आपले काम आहे.

शास्त्रकारांनी नवीन धान्य गुरू व अभिष्यंदी, तर वर्षभर जुने धान्य लघु सांगितले आहे. घनसाळ हे उशिरा तयार होणारे भात. त्याची कापणी हेमंतात होते आणि पर्यटकही त्याच सुखद ऋतूत येतात. प्रवाशाला ‘यंदाचा नवा तांदूळ’ कौतुकाने वाढला जातो. सुगंध नव्यात अधिक, पचनास मात्र जुना सोपा.

प्रसंग

काही वर्षांपूर्वी मार्गशीर्षात असेच एक दांपत्य आजऱ्यात चार दिवसांसाठी आले होते. ते अडुसष्ट वर्षांचे निवृत्त शिक्षक, त्या चौसष्ट वर्षांच्या. दोघेही प्रसन्न, बोलके. पहिल्या दिवशी रवळनाथाचे दर्शन झाले, बाजारात तांदळाची चौकशी झाली. रात्री परिचितांच्या घरी नव्या घनसाळाचा भात, मटणाचा रस्सा आणि वर दुधाची खीर असे जेवण झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे चिकित्सालयात आले. काकूंचे गुडघे दुखत होते. काकांचे पोट जड होते, ढेकर येत होते, भूक नव्हती.

“वैद्यराज, आज रामतीर्थाला जायचे आहे. तिथे बसून नुसते पाणी पाहायचे. यांचे पोट मात्र ठीक करा,” काकू म्हणाल्या.

नाडी पाहिली, जिह्वा पाहिली. जिह्वा साम होती. निदान अवघड नव्हते : वृद्धावस्था, प्रवासाने वाढलेला वात, विषम झालेला अग्नी आणि त्यावर गुरू आहार. आधीचे अन्न जिरल्यावाचून पुढचे घेऊ नये, हा आहारविधीतील मूलभूत नियम. त्यानुसार मी सांगितले, “सुंठीचे कोमट पाणी घ्या. भूक लागेपर्यंत काही खाऊ नका. दुपारी पातळ पेज घ्या.” काकूंना गुडघ्यांस तेल लावण्यास सांगितले. दोघे समाधानाने गेले.

साडेअकराच्या सुमारास रामतीर्थाच्या पायऱ्यांवर काकांना दरदरून घाम सुटला, हात कापू लागले, बोलणे विसंगत होऊ लागले. पाहणाऱ्यांना वाटले, हृदयविकाराचा झटका आला. काकूंनी मात्र घाबरून न जाता पिशवीतील प्रसादाची खडीसाखर त्यांच्या तोंडात घातली आणि ती चावून खाण्यास लावली. काका शुद्धीवर होते व गिळू शकत होते, म्हणूनच हे शक्य झाले. नंतर रुग्णालयात नेईपर्यंत ते बरेच सावरले होते. त्यांना संध्याकाळपर्यंत देखरेखीखाली ठेवण्यात आले. कारण रक्तातील साखर कमी होण्याचे होते.

काका मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड वर्गातील गोळी रोज सकाळी न्याहारीपूर्वी घेत असत. त्या दिवशीही त्यांनी ती नेमाने घेतली होती. न्याहारी मात्र माझ्या सल्ल्याने घेतली नव्हती. मी त्यांना मधुमेह आहे का, हे विचारले होते. “आहे, पण आटोक्यात आहे,” हे उत्तर ऐकून पुढे गेलो होतो. कोणत्या गोळ्या, केव्हा घेता, हे विचारले नव्हते.

चूक कोठे झाली

ग्रंथात चूक नव्हती, वाचनात होती. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात आहारविधीची आठ विशेष आयतने सांगितली आहेत : प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता. मी पहिल्या सातांचा विचार केला. तांदूळ नवा, संयोग गुरू, राशी अधिक, काल हेमंत, हे सारे ध्यानात घेतले. आठवा घटक, म्हणजे आहार घेणारी व्यक्ती, तिच्याकडे पुरेसे पाहिले नाही. ओकसात्म्य या उपयोक्त्यावर अवलंबून असते. वर्षानुवर्षे रोज सकाळी घेतलेली गोळी व त्यामागोमाग येणारी न्याहारी हेच त्या शरीराचे ओकसात्म्य झाले होते. गोळी राहिली, न्याहारी गेली. सात्म्य एकाएकी न सोडता क्रमाक्रमाने सोडावे, हा पादांशिक क्रमही आपण शिकवतो. येथे तर ते एका सकाळीत तोडले गेले.

आणखी एक बाब. हेमंतात अग्नी बलवान असतो हे सामान्य विधान आहे. ते निरोगी, बलवान पुरुषास लागू पडते. वृद्धास ते जसेच्या तसे लावता येत नाही. ऋतूचा अग्नी आणि वयाचा अग्नी यांत फरक करणे हे चिकित्सकाचे काम होय.

आधुनिक औषधाविषयी आवश्यक माहिती

सल्फोनिलयुरिया वर्गातील औषधे (ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड) आणि इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवण चुकविल्यास साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. वृद्धांत व मूत्रपिंड दुर्बल असलेल्यांत हा धोका अधिक असतो. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यात तो फार कमी. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर वर्गातील गोळ्या घेणाऱ्यांत कंप व धडधड ही लक्षणे झाकली जाऊ शकतात; घाम मात्र येतो.

रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल आणि रुग्ण शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर सुमारे १५ ग्रॅम ग्लुकोज द्यावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, न वाढल्यास पुन्हा द्यावे. नंतर काही अन्न द्यावे. बेशुद्ध रुग्णाच्या तोंडात काहीही घालू नये. ताबडतोब रुग्णालयात न्यावे. सल्फोनिलयुरियाचा परिणाम दीर्घकाळ टिकत असल्याने बरे वाटल्यावरही साखर पुन्हा उतरू शकते, म्हणून देखरेख आवश्यक.

येथे एक बारकावा सर्वांनी लक्षात ठेवावा. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेणाऱ्या रुग्णात घरातील साखर, गूळ वा खडीसाखर लवकर उपयोगी पडत नाही, कारण त्या औषधाने साखरेचे विघटनच मंदावते. तेथे ग्लुकोजची पूडच द्यावी लागते. काका ते औषध घेत नव्हते, म्हणून खडीसाखरेने निभावले.

औषधी दुकानदारांसाठी

पर्यटक चिकित्सालयापेक्षा आपल्या दुकानात अधिक येतात. त्यांच्यासाठी पुढील गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

१. पाचक औषध मागणाऱ्या ज्येष्ठास ‘मधुमेह वा रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत का, आज जेवलात का’ हे दोन प्रश्न विचारावेत.

२. अवलेह व पाकांत साखर, तर आसवारिष्टांत गूळ-साखर आणि स्वयंजनित मद्यांश असतो, हे मधुमेही ग्राहकास सांगावे.

३. यष्टीमधूचा दीर्घकाळ व अधिक मात्रेत उपयोग रक्तदाब वाढवू शकतो. मूत्रल गोळ्या घेणाऱ्यात पोटॅशियम कमी करू शकतो. खोकल्याची पुडी देतानाही हे ध्यानी असावे.

४. कारले, मामेजवा यांसारखी मधुमेहहर द्रव्ये चालू गोळ्यांवर आणखी वाढवून देऊ नयेत. हा निर्णय चिकित्सकाचा.

५. ग्लुकोजची पूड दुकानात पुढच्या फळीवर ठेवावी.

प्रवासी दांपत्यास द्यावयाचा सल्ला

पहिला दिवस विश्रांतीचा ठेवावा. एका दिवसात एकच मोठे स्थळ पाहावे. मलमूत्रादी वेगांचे धारण करू नये. स्वच्छतागृह मिळणार नाही या भीतीने पाणी न पिणे हेही त्याचेच रूप आहे. रामतीर्थाचे खडक ओले असता निसरडे होतात. पादत्राण व काठी यांचा उपदेश ग्रंथांनी दिनचर्येत केला आहे, तो तेथे तंतोतंत लागू पडतो. रात्री पादाभ्यंग करावा. प्रवासाने थकलेल्या वृद्धास दुपारची अल्प निद्रा शास्त्रानेही निषिद्ध मानलेली नाही.

आहारात नव्या वस्तूची चव घ्यावी, पण एका जेवणात एकच नवी गुरू वस्तू घ्यावी. रस्सा दुपारी, रात्री मऊ भात व मुगाचे वरण. मांसाहाराबरोबर दुधाची खीर घेऊ नये. घनसाळ घरी न्यायचा असेल तर आनंदाने न्यावा आणि काही महिने ठेवून मग खावा.

रानावनात हिंडणाऱ्यांनी अंग झाकणारे कपडे घालावेत व परतल्यावर गोचीड शोधावी. शेजारच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात दोडामार्ग परिसरात २०१६ साली माकडतापाचे रुग्ण आढळले होते. आजरा व चंदगड तालुक्यांत रानटी हत्तींचा वावर अनुभवास आला असल्याने सायंकाळनंतर जंगलालगत पायी फिरणे टाळावे.

सर्वांत महत्त्वाचे : चालू गोळ्यांची नावे, मात्रा व वेळा लिहिलेला कागद पतीचा पत्नीकडे व पत्नीचा पतीकडे असावा. स्वतःचा कागद स्वतःच्या खिशात असून भागत नाही, कारण गरज पडते तेव्हा वाचणारा दुसराच असतो. गोळी आणि जेवण यांची सांगड मोडायची वेळ आल्यास गोळी देणाऱ्या चिकित्सकास विचारावे. आपणही त्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

उपसंहार

त्या संध्याकाळी मी रुग्णालयात जाऊन काकांना भेटलो आणि चूक माझी होती हे स्पष्ट सांगितले. काका क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, “मीही गोळीचे सांगितले नाही. तुम्ही आयुर्वेदाचे, तुम्हाला काय सांगायचे, असे वाटले.” या एका वाक्यात आपल्या व्यवसायापुढील मोठी अडचण सामावलेली आहे. रुग्ण दोन शास्त्रांकडे जातो आणि दोघांपासूनही थोडे थोडे लपवतो. लबाडीने नव्हे, संकोचाने. तो संकोच दूर करणारा पहिला प्रश्न आपणच विचारायचा असतो.

तेव्हापासून माझ्या केसपेपरवर दशविध परीक्षेच्या वर एक ओळ छापलेली आहे : ‘इतर पॅथीची चालू औषधे, वेळेसह.’ ती भरल्याशिवाय लंघनाचा शब्द तोंडातून काढायचा नाही, असा नेम केला आहे. ते दांपत्य चौथ्या दिवशी आंबोलीस जाऊन हिरण्यकेशीचा उगम पाहून सुखरूप परतले. न्याहारी करून, मग.