बारकी भोकं आणि प्रेसचं टनेज

चि. अमेय यास,


चाकणला प्रेस शॉपच्या टूलरूममध्ये लागलास, हे तुझ्या आईकडून कळलं. फार बरं वाटलं. ब्रॅकेटची सहा भोकं एका ठोक्यात पाडायला 20 टनी प्रेस पुरेल का, असं तू विचारलंस. सोबत लिहिलंस की, त्याच प्रेसवर 40 मिलिमीटरचं भोक रोज पडतं, मग 10 मिलिमीटरची भोकं सहज पडतील, असं सगळे म्हणतात. हा अंदाज मात्र धरू नकोस.

पंच पत्रा कापतो तो कडेने. भोकाचं पोट किती मोठं, याच्याशी प्रेसला देणंघेणं नाही. परिघाला जाडीने गुणलं की कापायचं क्षेत्र मिळतं, आणि त्याला पत्र्याच्या शिअर स्ट्रेंग्थने गुणलं की जोर. 40 च्या भोकाचा परिघ 125.7 मिलिमीटर. तुझ्या सहा भोकांचा मिळून 188.5. म्हणजे बारक्या भोकांना दीडपट जोर लागतो.

आता पुढचं. पत्रा 3 मिलिमीटरचा, म्हणून क्षेत्र 565.5 चौरस मिलिमीटर. साध्या एमएसची शिअर स्ट्रेंग्थ टेन्साइलच्या सुमारे 80 टक्के धरतात. तुमचा माल आयएस 2062 मधला ई 250, त्याची टेन्साइल 410 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. 80 टक्क्यांनी 328 झाली. गुणाकार करून 9810 ने भागलास की 18.9 टन येतात. 20 च्या आत बसलं, असं वाटेल.

पण 410 ही त्या ग्रेडची खालची मर्यादा आहे. शेड उभारणाऱ्याला तीच लागते. माल त्याहून कणखर निघाला तर त्याचा फायदाच. आपलं नेमकं उलटं आहे. कणखर माल म्हणजे प्रेसवर जास्त भार. एखाद्या लॉटची टेन्साइल 480 आली, तर तीच भोकं 22.1 टन मागतील. म्हणून टनेज काढताना लॉटचं टेस्ट सर्टिफिकेट हातात घे आणि पत्र्याला स्वतः मायक्रोमीटर लाव. त्यावर स्ट्रिपरच्या स्प्रिंगा दाबायचा जोर आणि धार गेलेल्या पंचाचा वाढीव भार यांसाठी 20 ते 30 टक्के जास्त धर. मगच प्रेसचं नाव घे.

धारेचा अंदाज स्लगवरून येतो. खाली पडलेला तुकडा उचल आणि त्याची कड उजेडात फिरव. एमएसमध्ये जाडीचा साधारण तिसरा भाग गुळगुळीत, चकचकीत दिसतो; तिथवर पंच कापत जातो. उरलेला खरबरीत भाग मोडलेला असतो. कडेची बर (धारदार कंगोरा) वाढत चालली की पंच काढून ग्राइंडिंगला दे, सेटर सांगेपर्यंत थांबू नकोस.

पत्रा मोडतो तो क्षणात, आणि प्रेसची ताणलेली फ्रेम एकदम सुटते. मोठा धाडकन आवाज येतो तो त्याचाच. बेअरिंगं आणि डाय यांचं आयुष्य तिथेच झिजतं, म्हणून प्रेस काठोकाठ भरून चालवायची नसते.

तुझ्या कामाला उपाय आहे. तीन पंच पत्र्याच्या जाडीएवढे आखूड ठेव. आधी लांब तिघं आरपार जातील, मग बाकीचे, आणि एका वेळचा भार 11 टनांच्या आसपास येईल. एक मात्र तपास: मेकॅनिकल प्रेस पूर्ण टनेज देते ते स्ट्रोकच्या तळापासून ठरावीक उंचीपर्यंतच. लांब पंच वरच टेकतील, तेव्हा तिथे किती टन मिळतात ते प्रेसच्या कर्व्हवर बघ. आखूड पंच एका बाजूला घेऊ नकोस, रॅम तिरकी ओढली जाईल.

ड्रॉइंग आणि या लॉटचं सर्टिफिकेट पाठव. कुठले तीन आखूड करायचे ते तू आधी ठरव, मग रविवारी फोनवर बोलू.

तुझा,
मामा