मासे सगळ्यात शेवटी

घरच्या ॲक्वापोनिक्समध्ये, म्हणजे माशांच्या पाण्यावर भाजी वाढवायच्या मांडणीत, मासे आणायचे ते सगळ्यात शेवटी. आधी टाकी, मग खडी, मग पाणी आणि मग महिना-दीड महिना नुसती वाट. विकणारा हा क्रम सांगत नाही, कारण त्याला सगळं एकाच फेरीत विकायचं असतं.

पुण्यात गच्चीवर मी २०० लिटरचा निळा ड्रम मांडला. त्याच्यावर खडीचा वाफा आणि ड्रममधलं पाणी वाफ्यात चढवणारा छोटा पंप. वाफ्यातून गळून पाणी परत ड्रममध्ये. सामान देणाऱ्यानं त्याच दिवशी डझनभर गोल्डफिशही पिशवीत बांधून दिले. ‘पाणी एक दिवस उघडं ठेवा आणि सोडा’ एवढीच सूचना. सुरुवातीला मासे मजेत होते. मग खाद्याकडे बघेनासे झाले, पर मिटून तळाशी बसायला लागले आणि आठवडा उलटायच्या आत एकेक करून गेले. पाणी मात्र तळ दिसेल इतकं नितळ होतं. फसगत इथेच होते: माशाला मारणारी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही.

मासा खातो आणि कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो. उरलेलं खाद्य आणि विष्ठा कुजली की त्यात आणखी भर. हा अमोनिया झाडांच्या उपयोगी पडायच्या आधी त्याला दोन टप्पे पार करावे लागतात. एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट पालकाला आवडतं आणि माशाला फारसं बाधत नाही. पण नव्या टाकीत हे जिवाणू नसल्यातच जमा असतात. खडीच्या अंगावर त्यांचा थर धरायला चार ते सहा आठवडे लागतात, थंडीत जास्तच. तोवर सोडलेला मासा स्वतःच्याच घाणीत जगत असतो.

यातला दुसरा टप्पा जास्त दगा देतो. अमोनिया उतरला म्हणून आपण निश्चिंत होतो, तेवढ्यात नायट्राइट चढलेलं असतं. ते रक्तात शिरलं की हिमोग्लोबिनला प्राणवायू धरता येत नाही. पाण्यात भरपूर हवा असूनही मासा गुदमरतो. अशा माशाचं कल्ल्याचं झाकण उचलून पाहा. लालभडक दिसायला हवेत ते कल्ले चॉकलेटी दिसतात. यावर तातडीचा उपाय स्वयंपाकघरात आहे. लिटरला एक ग्रॅम या हिशेबानं जाडं मीठ विरघळवून घातलं, तर मिठातलं क्लोराइड कल्ल्यांमधून नायट्राइटला आत शिरू देत नाही. वाफ्यात घेवडा किंवा स्ट्रॉबेरी असेल तर तिला हे मीठ सोसणार नाही. तेव्हा काय वाचवायचं ते ठरवा.

महिनाभर वाट पाहायची म्हणजे हातावर हात ठेवून बसायचं नाही. पंप चालू ठेवून रोज चिमूटभर माशांचं खाद्य पाण्यात टाका. ते कुजून अमोनिया तयार होतो आणि जिवाणूंची सोय होते. ओळखीत कुणाची जुनी, धडधाकट टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला स्पंज मागून आणा. बरेच दिवस वाचतात. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच मोजणारं थेंबांचं किट मात्र घ्याच. अमोनिया चढतो आणि उतरतो, मागोमाग नायट्राइट चढतं आणि उतरतं. दोन्ही शून्यावर टिकले आणि नायट्रेट दिसू लागलं की मासे आणायला हरकत नाही. तेही एकदम डझनभर नाहीत, आधी तीन-चार.

आता खडी. मी नर्सरीतून पांढऱ्या चिप्स आणल्या होत्या. दिसायला सुरेख, धुवायला सोप्या, आणि निघाल्या संगमरवराच्या. संगमरवर पाण्यात हळूहळू विरघळत राहतो आणि पीएच आठच्या आसपास नेऊन ठेवतो. त्यानं काय बिघडतं? पाण्यातला सगळाच अमोनिया सारखा विषारी नसतो. आपल्याकडच्या उन्हाळी पाण्यात, म्हणजे तीसेक अंश तापमानाला, पीएच सात असेल तर त्यातला विषारी भाग शेकडा एकही भरत नाही. पीएच आठ झाला की तोच भाग सात-आठ टक्क्यांवर जातो. किटवर अमोनियाचा आकडा तोच, पण एका ड्रममध्ये मासे खेळत असतात आणि दुसऱ्यात मरत असतात. ‘माझ्याकडे तर एवढ्याच अमोनियात काही झालं नाही’ असं सांगणाऱ्याला म्हणून आधी पीएच विचारावा.

पारख सोपी आहे. मूठभर खडी वाटीत घेऊन वर व्हिनेगर ओता आणि कान जवळ न्या. चर्र आवाज आला, बारीक बुडबुडे सुटले, तर ती खडी कुंडीच्या शोभेला ठेवा. आपल्या बांधकामावरची काळ्या दगडाची खडी धूळ जाईपर्यंत धुतली की बहुतेक वेळा या परीक्षेत उतरते, आणि ती स्वस्तही पडते.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. ते माशाचे कल्ले भाजतं आणि जिवाणूही मारतं. पाणी बादलीत दिवसभर उघडं ठेवा, घाई असेल तर माशांच्या दुकानात मिळणारं अँटिक्लोरीन घाला. खडी किंवा फिल्टर थेट नळाखाली धुऊ नका. टाकीतलंच पाणी काढून त्यात खळबळून घ्या. एप्रिल-मेमध्ये सोसायटीत टँकर सुरू झाला की पीएच पुन्हा तपासायचा. बोअरचं पाणी बहुधा जड असतं, धरणाच्या पाण्याची सवय झालेल्या माशांना ते एकदम भरपूर घालू नये.

झाडांसाठी केलेल्या कामानं मासे मरतात, हे बागकाम करणाऱ्यांच्या पचनी पडत नाही. मिरचीवर मावा पडला की हात आपसूक फवारणीच्या बाटलीकडे जातो. पण वाफ्यावर फवारलेलं सगळं खाली ड्रममध्येच येतं. मोरचूद असलेली बुरशीनाशकं तर माशाला विषच. कडुनिंबाचं तेल आणि साबणाचं पाणी ‘सेंद्रिय’ म्हणून चालेल, असं समजू नका. मावा बोटानं चिरडा, फांदी छाटा, नाहीतर ते झाडच उपटून टाका. मिरची बाजारात दहा रुपयांत मिळते.

उन्हाळ्यात प्राणवायूचा प्रश्न येतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे नऊ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. माशाला पाच तरी हवा. रात्रभर शेवाळ, जिवाणू आणि मासे सगळेच तो वापरत असतात, म्हणून पहाटे तो सगळ्यात कमी असतो. पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढून आ वासत असतील तर खाद्य घालू नका, हवा घाला. ड्रमवर शेडनेट, आणि बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात हवाच. लाइट गेली की पंप बंद पडतो, आणि लाइट रात्री दोनला जाते तेव्हा आपण झोपलेले असतो.

माशांच्या निवडीत हौस आवरा. रोहू ड्रममध्ये सोडणाऱ्यांना कीव करत हात जोडावेत. तो मासा तळ्याचा आहे. तिलापियाच्या पालनाला सरकारी परवानगी लागते आणि परदेशी मागूर आपल्या देशात पाळायला बंदी आहे. नवख्यानं गप्पी किंवा गुरामी घ्यावेत. गप्पी डासांच्या अळ्या खातात, त्यामुळे पावसाळ्यात महापालिकेचा माणूस गच्चीवर आला तरी तोंड लपवावं लागत नाही. गुरामी वरची हवाही घेऊ शकतो, म्हणून पंप बंद पडला तर तो जरा जास्त तग धरतो. गोल्डफिश काटक खरे, पण घाण फार करतात.

पाच मिनिटांत संपेल एवढंच खाद्य द्यायचं, उरलेलं जाळीनं काढायचं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेनं २०१४ साली छोट्या ॲक्वापोनिक्सवर पुस्तिका काढली. तिच्यात एक चौरस मीटर पालेभाजीला रोज ४० ते ५० ग्रॅम खाद्याचं प्रमाण दिलंय. गच्चीवरच्या ड्रमातले मासे त्याच्या पावपटही खात नाहीत, म्हणजे वाफा तेवढाच लहान हवा. पालक पिवळा पडला म्हणून खाद्य वाढवणं हा उलटा कारभार आहे. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर झाडाला लोह हवंय. ते चिलेटेड लोहातून द्यावं.

गावाला जाताना शेजारच्या काकूंकडे किल्ली देणार असाल तर एकेका दिवसाच्या खाद्याच्या पुड्या बांधून तारीख घाला. मोठे, निरोगी मासे आठवडाभर उपाशी सहज राहतात, पण काकूंना ते पटत नाही. खाद्याचा डबा आपल्या कपाटात, कुलपात.